टस्कनीचा वाईनगुरू आणि अकलूजची द्राक्षे

कोल्हापूर, प्रतिनिधी

इटलीची उंची वाईन आज जगभरातील जाणकारांच्या तळघरांत मानाने विसावते. मात्र साठ वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. टस्कनी प्रांतातील 'कियान्ती' ही वाईन त्या काळी गवती वेष्टणातील फुगीर बाटलीतून स्वस्तात विकली जात असे. वाईन संपल्यावर उपाहारगृहवाले त्या बाटलीत मेणबत्ती खोचून ठेवत, एवढीच तिची शोभा! या वाईनला प्रतिष्ठेच्या पंक्तीत नेऊन बसविणाऱ्यांत जाकोमो ताकिस या तंत्रज्ञाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांनी रूढ केलेल्या विचाराचा एक धागा सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या द्राक्षमळ्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. सांगली-सोलापूरच्या द्राक्षपट्ट्याच्या दृष्टीने हा धागा समजून घेणे अगत्याचे आहे. कारण यात केवळ चवीचा नव्हे, तर द्राक्षाला वजनावर दर द्यायचा की गुणवत्तेवर, हा मूळ प्रश्न दडलेला आहे.

संख्येच्या मागे लागलेली इटली

दुसऱ्या महायुद्धानंतर टस्कनीतील शेतीची घडी विस्कटली. आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीसारखी तेथे 'मेझाद्रिया' ही पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. १९६० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली, कुळे शहरांकडे गेली आणि मालकांनी यंत्राने कसता येतील अशा मोठ्या बागा लावल्या. या लागवडीत भर होता तो उत्पादनावर.

इटलीत १९६३ मध्ये वाईनच्या उगमस्थानाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यानुसार १९६७ मध्ये कियान्तीचे नियम ठरले. नाव राखण्यासाठी केलेल्या या नियमांनी एक विचित्र सक्तीही आणली. कियान्तीची मुख्य जात 'सांजोवेझे' हे काळे द्राक्ष. पण नियमांनुसार लाल वाईनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे बंधनकारक झाले. पांढऱ्या जातींचे उत्पन्न भरघोस असल्याने ही मिसळ अनेकांना सोयीची होती. परिणामी वाईन पातळ आणि अल्पायुषी होऊ लागली. गुणवत्तेसाठी झटणाऱ्या उत्पादकापुढे दोनच वाटा उरल्या. नियम पाळून सुमार वाईन करायची किंवा नियम मोडून कियान्ती या नावावर पाणी सोडायचे.

कोण होते ताकिस?

जाकोमो ताकिस यांचा जन्म १९३३ मध्ये तुरीन शहराजवळील पोइरिनो येथे झाला. आल्बा येथील वाईनशास्त्राच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९६१ मध्ये ते फ्लोरेन्सच्या आन्तिनोरी या जुन्या वाईन घराण्याकडे नोकरीस लागले. तेथे सुमारे तीन दशके त्यांनी काम केले. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक एमिल पेनो हे आधुनिक वाईनशास्त्राचे अध्वर्यू. त्यांच्या मार्गदर्शनाचा ताकिस यांच्यावर मोठा प्रभाव होता.

टस्कनीच्या किनाऱ्यालगत बोलगेरी येथे मारिओ इनचिझा देल्ला रोकेत्ता या सरदाराने १९४० च्या दशकात 'काबेर्ने' या फ्रेंच जातीची लागवड केली होती. ही वाईन बरीच वर्षे घरच्याच वापरात होती. आन्तिनोरी घराण्याशी त्यांचे नाते होते. त्या नात्यातून ताकिस या मळ्याच्या कामात आले आणि १९६८ च्या हंगामाची 'सासिकाया' ही वाईन पहिल्यांदा बाजारात उतरली. लंडन येथे १९७८ मध्ये 'डिकॅन्टर' मासिकाने जगभरातील काबेर्ने वाईनची चाचणी घेतली. तीत १९७२ च्या सासिकायाने पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा फ्रान्सच्या मक्तेदारीला इटलीच्या एका अनवट गावातून आव्हान मिळाले.

दुसरी वाईन आन्तिनोरींच्या स्वतःच्या मळ्यातील. पिएरो आन्तिनोरी आणि ताकिस यांनी १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' या वाईनवरचे कियान्ती हे नाव काढून टाकले. १९७५ पासून तीत पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण फाटा देण्यात आला. सांजोवेझेला काबेर्नेची जोड देण्यात आली आणि ही वाईन मोठ्या जुन्या पिंपांऐवजी २२५ लिटरच्या लहान ओक पिंपांत मुरविण्यात आली. देशी जातीचा कणा, परदेशी जातीची पुष्टी आणि लहान पिंपाची शिस्त, असे या सूत्राचे थोडक्यात वर्णन करता येईल. पुढे १९७८ मध्ये 'सोलाया' ही तिसरी वाईनही याच प्रयोगशाळेतून बाहेर पडली.

कायदा मागून आला

या वाईन नियमांत बसत नसल्याने त्यांच्या बाटलीवर 'व्हिनो दा ताव्होला' म्हणजे रोजच्या जेवणाची साधी वाईन, एवढेच लिहिता येत असे. देशातील सर्वांत महाग वाईन सर्वांत खालच्या वर्गात, असा उरफाटा प्रकार अनेक वर्षे चालला. इंग्रजी पत्रकारांनी या वाईनना 'सुपर टस्कन' असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

१९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या धक्क्याने कमी भावाच्या वाईनचा बाजार हादरला आणि गुणवत्तेवाचून तरणोपाय नाही, ही जाणीव सरकारदरबारीही झाली. १९९२ मध्ये नवा कायदा होऊन प्रयोगशील वाईनसाठी प्रदेशनामाचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. १९९४ मध्ये सासिकायाला बोलगेरीच्या नियमांतच स्थान मिळाले. कियान्तीच्या मुख्य पट्ट्यात तर २००६ पासून पांढरी द्राक्षे मिसळण्यास बंदीच आली. ज्या गोष्टीसाठी ताकिस यांना नियमांबाहेर जावे लागले, तीच तीन दशकांनी नियम बनली.

ताकिस यांनी पुढे सार्डिनिया आणि सिसिली या बेटांवरील उत्पादकांनाही मार्गदर्शन केले. तेथे त्यांनी फ्रेंच जातींचा आग्रह न धरता स्थानिक जातींचा सन्मान केला, ही बाब विशेष महत्त्वाची. सार्डिनियातील 'तुर्रिगा' आणि 'तेर्रे ब्रुने' या वाईन त्याची साक्ष देतात. 'डिकॅन्टर'ने २०११ मध्ये त्यांना वर्षातील मानकरी म्हणून गौरविले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील आद्य प्रयत्न

महाराष्ट्रात अशा वाटाड्याचा मान नारायणगावच्या 'शांपेन इंडाज'चे शामराव चौगुले यांच्याकडे जातो. त्याआधी देशात बनणारी बहुतेक वाईन गोड, जड आणि खाण्याच्या द्राक्षांपासून केलेली असे. चौगुले यांनी १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाईन तयार केली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबविण्याची शांपेन प्रांतातील पारंपरिक पद्धत त्यांनी अवलंबिली. ही वाईन परदेशांत 'ओमर खय्याम' आणि भारतात 'मार्किझ द पॉम्पादूर' या नावाने विकली गेली. उष्ण कटिबंधातील द्राक्षापासून युरोपच्या दुकानात ठेवण्याजोगी वाईन होऊ शकते, हे प्रथम सिद्ध झाले ते येथे.

त्यापाठोपाठ कंवल ग्रोव्हर यांनी बंगळूरजवळील नंदी टेकड्यांच्या परिसरात फ्रेंच जातींची लागवड केली आणि बोर्दोचे ख्यातनाम सल्लागार मिशेल रोलाँ यांची मदत घेतली. नाशिकला राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात 'सुला'चा मळा उभारला. त्यांची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली आणि ताजी, हलकी पांढरी वाईन ही नाशिकची ओळख झाली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी शेअर बाजारातही दाखल झाली.

तेजी आणि पडझड

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईन उद्योगाला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस अशा दोन ठिकाणी वाईन पार्क उभारण्याचे ठरले. पलूस हे नाव त्या यादीत येण्यामागे कारण होते. तासगाव, मिरज, पलूस हा परिसर द्राक्षांचे आगर. 'तास-ए-गणेश' ही थॉमसन जातीतून निवडलेली प्रसिद्ध जात तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांची देणगी. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही जात दिली. निवड आणि निरीक्षण यांच्या बळावर नवी जात घडविणारे शेतकरी ज्या मातीत आहेत, तेथे वाईन द्राक्षेही रुजतील, असा विश्वास तेव्हा व्यक्त झाला होता.

पुढील काही वर्षांत वाईनरींची संख्या झपाट्याने वाढली. करार पद्धतीने शेतकऱ्यांनी वाईन जातींच्या बागा लावल्या. मात्र २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसायाला फटका बसला आणि वाईनची मागणी घसरली. तयार वाईन टाक्यांत पडून राहिली. परदेशांत विस्तार करीत असलेली चौगुले यांची कंपनीही कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली आणि अखेर अवसायनात निघाली. वाईन द्राक्षाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी त्या वेलींवर खाण्याच्या जातींचे कलम केले, तर काहींनी बागाच उपटल्या. पलूसच्या पार्कविषयीच्या अपेक्षाही फलद्रूप झाल्या नाहीत.

या पडझडीचे एक कारण मागणीची घट हे खरे. मात्र दुसरे कारण अधिक खोलवरचे होते. लागवड वाढविताना कोणत्या जमिनीत कोणती जात, एकरी किती उत्पन्न आणि कोणत्या दर्जाला कोणता दर, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नव्हता. संख्येच्या मागे लागलेल्या टस्कनीने जी चूक १९६० च्या दशकात केली, तिचीच ही आवृत्ती होती.

अकलूजचा इटालियन मळा

याच पडझडीच्या काळात माळशिरस तालुक्यात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतील सेक्की बंधू यांनी एकत्र येऊन 'फ्रातेल्ली' ही वाईनरी सुरू केली. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. तीन घराण्यांतील भावांच्या जोड्या म्हणून हे नाव. मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड या शिवारांत सुमारे २४० एकरांवर लागवड झाली. बाहेरून द्राक्षे विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या मळ्यावर भर देण्याचे धोरण येथे स्वीकारले गेले.

या मळ्याची आणि वाईनची धुरा टस्कनीचे अनुभवी वाईनकार पिएरो मासी यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांच्या हातून 'सेत्ते' ही वाईन तयार झाली. 'सेत्ते' म्हणजे सात. सहा भागीदार आणि सातवे स्वतः मासी! ही वाईन सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणातून होते आणि ओकच्या पिंपांत मुरविली जाते. तिन्यानेल्लोचे सूत्र ज्याला ठाऊक आहे, त्याला या वाईनचे कूळ वेगळे सांगावे लागत नाही. ताकिस स्वतः अकलूजला कधी आले नसतील, पण त्यांनी रुळविलेली वाट येथवर आली.

त्यापूर्वी भारतीय वाईनचा कल बव्हंशी फ्रेंच जातींकडे होता. अकलूजमुळे सांजोवेझे हे नाव भारतीय ग्राहकाच्या कानी पडले. पुढे ब्रिटिश वाईनतज्ज्ञ स्टीव्हन स्पुरियर यांनीही या वाईनरीशी सहकार्य केले. १९७६ मध्ये पॅरिस येथे कॅलिफोर्निया विरुद्ध फ्रान्स अशी गाजलेली चाचणी घडवून आणणारे ते हेच स्पुरियर. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

फरक कोठे पडतो?

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांत नाते असले, तरी बागायतदाराच्या दृष्टीने ही दोन निराळी पिके आहेत. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा. त्यासाठी संजीवकांच्या बुडवण्या देऊन मण्यांची फुगवण केली जाते. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. लाल वाईनचा रंग, तुरटपणा आणि टिकाऊपणा ही सारी साल व बी यांची देणगी. मणी जितका फुगवावा, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण घटते. म्हणजेच तासगावच्या बागेत जे कौशल्य, तेच वाईनच्या बागेत अवगुण ठरते.

साखरेचेही तसेच. खाण्याची द्राक्षे साधारणतः १६ ते १८ ब्रिक्सला काढतात, तर वाईनसाठी २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत थांबावे लागते. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. मात्र साखर वाढत असताना आम्लता घटत जाते. आम्ल पुरेसे नसेल, तर वाईन बेचव होते. आपल्याकडील उन्हात हा समतोल साधणे, हेच वाईनकाराचे खरे काम.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीने घड येतो. त्यामुळे तोडणी जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे उन्हाचा तडाखा सुरू होण्यापूर्वी उरकते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हा या महिन्यांतील फरक रंग व सुगंध यांस पोषक असतो. अवकाळी पाऊस आणि त्यापाठोपाठ येणारे डाऊनी व भुरी हे रोग, हा मात्र कायमचा घोर.

ताकिस यांच्या पद्धतीचा पाया याच मळ्यातील शिस्तीत होता. वेलीवर घड कमी ठेवायचे, पक्व होईपर्यंत थांबायचे, तळघरात स्वच्छता आणि तापमान काटेकोर सांभाळायचे. लाल वाईनमध्ये एक दुसरे आंबवणही घडते. कच्च्या सफरचंदासारखे तीव्र आम्ल जिवाणूंमुळे दह्यातील सौम्य आम्लात बदलते आणि वाईनला मऊपणा येतो. पूर्वी इटलीतील अनेक तळघरांत हे आपोआप, कधी बाटलीत गेल्यावरही घडत असे. ते ठरवून आणि वेळेवर घडवून आणण्याचा पायंडा पाडण्यात ताकिस यांचा मोठा वाटा होता.

दराचा आणि नावाचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. वेलीवर घड कमी ठेवायचे, तर एकरी उत्पन्न घटणार. ही घट कोणी सोसायची? फ्रातेल्लीसारख्या स्वतःचा मळा असलेल्या वाईनरीत ती मालक सोसतो आणि बाटलीच्या किमतीतून भरून काढतो. कराराने द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्याला मात्र टनावर पैसे मिळत असतील, तर त्याने घड का छाटावेत? उसाच्या पट्ट्यात उताऱ्यावर आधारित दराचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. साखर, आम्लता, रोगमुक्तता आणि एकरी मर्यादा यांवर ठरणारा दर हा वाईन द्राक्षाच्या करारांचा पाया व्हायला हवा.

दुसरा प्रश्न नावाचा. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे. सांगलीच्या बेदाण्याला आणि कोल्हापूरच्या गुळालाही ते आहे. नाव जपले नाही तर काय होते, याचा अनुभव कोल्हापूरकरांनी २०२५ च्या जूनमध्ये घेतला. मिलान येथील प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण श्रेय न देता सादर केले आणि टीकेनंतर त्याचे मूळ मान्य केले. तरीही इटलीचा इतिहास सांगतो, की नावाचा नियम आंधळेपणाने केला, तर तोच गुणवत्तेच्या आड येतो. नियम हवेत, पण ते मळ्यातील अनुभवातून आलेले हवेत.

तिसरा प्रश्न समाजाचा. राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दालनांत वाईन विक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला. त्याला राज्यभरातून तीव्र विरोध झाला आणि तो निर्णय रखडला. वाईन हे मद्यच आहे आणि व्यसनाधीनतेची चिंता खोटी नाही, हे मान्य करूनच या उद्योगाचा विचार करावा लागेल. मात्र ताकिस यांचा मार्ग अधिक विक्रीचा नव्हता. कमी द्राक्षांतून अधिक मोल मिळविण्याचा तो मार्ग होता.

शिक्षण आणि संशोधनाची साधने आपल्या हाताशी आहेत. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तेथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. तास-ए-गणेश आणि सोनाका घडविणारी दृष्टी शेतकऱ्यांकडे आहे. सार्डिनियात ताकिस यांनी स्थानिक जातींना न्याय दिला, त्याप्रमाणे कृष्णा आणि नीरेच्या खोऱ्यातील मुरमाड जमिनीला मानवणारी जात शोधण्याचे काम अजून बाकी आहे. पलूसला जे साधले नाही, त्याची कारणे आणि अकलूजला जे साधले, त्याची कारणे शेजारी ठेवून अभ्यासली, तर त्या शोधाची सुरुवात होऊ शकेल.

दृष्टिक्षेपात

- १९६१ : ताकिस आन्तिनोरी घराण्याच्या सेवेत
- १९६८ : सासिकायाचा बाजारात आलेला पहिला हंगाम
- १९७१ : तिन्यानेल्लो कियान्ती या नावाबाहेर
- १९८० चे दशक : नारायणगाव येथे शामराव चौगुले यांची फसफसणारी वाईन
- १९९२ : इटलीत वाईनचा नवा कायदा
- २००१ : महाराष्ट्राचे द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण, विंचूर व पलूस वाईन पार्क
- २०१६ : ताकिस यांचे निधन

काही संज्ञा

- ब्रिक्स : रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण
- सांजोवेझे : टस्कनीची मुख्य काळी द्राक्षजात, आम्लता चांगली, उशिरा पिकणारी
- काबेर्ने सोव्हिन्यो : मूळची बोर्दोची जात, लहान मणी, जाड साल, गडद रंग
- सुपर टस्कन : जुन्या नियमांबाहेर जाऊन केलेल्या टस्कनीतील उंची वाईनचे रूढ नाव
- खरड छाटणी, फळछाटणी : महाराष्ट्रातील द्राक्षबागेच्या वर्षातील दोन छाटण्या